पश्चिमेचा जिना

घरात तिला सगळे थोरली म्हणत. लग्न झालं, केसांत चांदी चमकायला लागली, तरी थोरली ती थोरलीच राहिली. ऑफिसात मात्र ती मॅडम होती. एका नावाजलेल्या आर्किटेक्टच्या हाताखाली ती बरीच वर्षं काम करत होती, आणि त्या ऑफिसला आता कधी नव्हे एवढं मोठं काम मिळालं होतं. शहराच्या मधोमध, जुना बस डेपो पाडून मोकळ्या झालेल्या जागेवर एक भलंमोठं कन्व्हेन्शन सेंटर उभं राहणार होतं आणि त्याला खेटून एक उंच हॉटेल. सेंटरमध्ये परिषदा भरणार, बाहेरगावचे पाहुणे येणार, रात्री हॉटेलात उतरणार. सगळं शहर त्याच गोष्टी करत होतं.

त्या सकाळी नकाशाची सुधारलेली प्रत तिच्या टेबलावर आली. तिने ती उलगडली, वरच्या मजल्यावरच्या मोठ्या सभागृहावरून बोट फिरवलं आणि ते मध्येच थांबलं. पश्चिमेचा जिना नव्हता.

तो जिना तिनेच काढला होता. चांगला ऐसपैस, सभागृहातून थेट मोकळ्या चौकात उतरणारा. आता त्या जागी हॉटेलची लॉबी फुगून आत आली होती. जिन्याऐवजी एक पॅसेज दाखवला होता. सभागृहातून निघायचं, हॉटेलात शिरायचं, दोनदा वळायचं आणि मग बाहेर. पॅसेजच्या तोंडाशी एक दार होतं.

ती नकाशा घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, पश्चिमेचा जिना कुठे गेला?"

"जातोय कुठे? हॉटेलातून वाट दिली आहे की. त्यांना लॉबी मोठी हवी होती. नियमात बसतंय, मी स्वतः बघितलंय."

"पण ते दार कार्डाशिवाय उघडत नाही."

"अलार्मला जोडलंय. आग लागली की आपोआप उघडेल."

"आणि आग न लागताच गर्दी अडकली तर?"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, मुलाखतीत चाचरत बोलणारी ही मुलगी त्यांनीच निवडली होती आणि हाताला धरून शिकवली होती. "आग नाही, धूर नाही, मग लोक पळतील कशाला?" त्यांनी विचारलं. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस, मॅडम. जा, चहा घ्या."

तिच्याकडे उत्तर होतं. पण नकाशा गुंडाळून ती बाहेर आली.

ती शाळेत होती तेव्हाची गोष्ट. मावशीने दोघी बहिणींना स्टेडियमवर सामना बघायला नेलं होतं. आपला संघ हरणार हे दिसतच होतं, म्हणून सामना संपायच्या थोडं आधी लोक निघाले. जिना उतरत असताना वर एकदम आरडाओरडा झाला. बरोबरी झाली होती. खाली उतरणारे काही जण मागे वळले, वरून उतरणारे उतरतच राहिले, आणि खालचं एक फाटक कोणीतरी बंद करून ठेवलेलं होतं. बस, एवढंच झालं. कोणी पळालं नाही. कोणी कोणाला मुद्दाम ढकललं नाही. थोरलीचे पाय पायरीवरून सुटले आणि ती माणसांच्या मधोमध अधांतरी लटकली. धाकटीला कोणीतरी उचललं आणि लोकांच्या डोक्यांवरून हातोहात पुढे नेलं. मावशीने थोरलीचा हात घट्ट धरला होता, आणि बराच वेळ तो हात घट्टच होता. मावशी उभ्या उभ्याच गेली. पडायलासुद्धा जागा नव्हती.

त्यानंतर थोरलीने सामने सोडले, जत्रा सोडल्या, सेलच्या दिवशी दुकानं सोडली. सिनेमाला गेली तर कडेची खुर्ची घ्यायची. आर्किटेक्ट का झालीस, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, चित्रकला बरी होती म्हणून.

त्या आठवड्यात तिचं कामात लक्ष लागेना. नकाशावर पेन्सिलीने बारीक बारीक ठिपके काढायची, एक ठिपका म्हणजे एक माणूस. ठिपके दाराशी आले की दाटायचे, एकमेकांवर चढायचे आणि त्यांचा काळा गोळा व्हायचा. ती घाईघाईने खोडून टाकायची. समोरचा चहा निवून त्यावर साय धरायची. ऑफिसच्या लिफ्टपाशी चारपाच माणसं उभी दिसली तरी ती जिन्याने खाली जायची.

रविवारी ती धाकटीकडे गेली. धाकटी शाळेत गणित शिकवायची आणि घरीही फळ्यासमोर उभी असल्यासारखंच बोलायची.

"साहेबांना जिन्याचं सांगितलंस?"

"विचारलं. सांगितलं नाही."

"का?"

"मला वेड लागलंय असं वाटेल त्यांना. आणि कदाचित लागलंही असेल. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. समोर ताक आहे की दूध, हे मला कसं कळणार?"

धाकटी भाजी चिरत होती. सुरी थांबवून ती म्हणाली, "माझ्या लग्नात तू नवरदेवाला बघायच्या आधी हॉलची दारं बघून आली होतीस. सासूबाई विचारत होत्या, तुझी बहीण इमारत विकत घ्यायला आली आहे का."

थोरलीला हसू आलं, पण टिकलं नाही.

"मला स्टेडियमवरचं काहीच आठवत नाही," धाकटी म्हणाली. "मी तुझ्याइतकी घाबरत नाही, ते त्यामुळेच. पण मला एक सांग. तू हे सगळं विसरली असतीस आणि आज नुसता नकाशा बघितला असतास, तर तो जिना ठेवला असतास का?"

"ठेवला असता."

"मग भीतीचं सोड. जिन्याचं सांग."

सांगायला सोपं होतं. सोमवारी ती दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेली आणि दोनदा परत फिरली. आत हॉटेलचा अधिकारी बसला होता. गुळगुळीत दाढीचा, हळू बोलणारा माणूस. बाहेर निघताना तो तिच्याकडे बघून हसला आणि ती बाजूला झाली. हे काम गेलं तर ऑफिस बसेल, इतक्या जणांच्या पोटावर पाय येईल, आणि का, तर मॅडमना गर्दीची भीती वाटते म्हणून. ती आपल्या टेबलाशी जाऊन बसली.

मग आराखडा लोकांना दाखवायचा दिवस आला. जागा ठरली होती नगर वाचनालयाचं जुनं सभागृह. त्याला मुख्य दार एकच, तेही एका अरुंद बोळासारख्या पॅसेजमध्ये उघडणारं, आणि डाव्या भिंतीला अंगणात जाणारं एक दार. सकाळी थोरली पोचली तेव्हा सेंटरचं आणि हॉटेलचं मोठं मॉडेल मांडून झालं होतं. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या भिंती, काचेचं छप्पर, बोटाच्या पेराएवढी झाडं. ऑफिसातली सगळी मंडळी कित्येक आठवडे त्यावर खपली होती. वरच्या झरोक्यातून उजेड चांगला पडतो म्हणून मॉडेलचं टेबल नेमकं डाव्या दाराला लावून ठेवलं होतं.

"साहेब, ते दार अडतंय," ती म्हणाली.

"मॅडम," साहेब हळूच म्हणाले, "आज नको."

ती मॉडेलला वळसा घालून स्टेजकडे गेली.

लोक अपेक्षेपेक्षा फार जास्त आले. डेपोभोवतीचे दुकानदार आले, टपरीवाले आले, टॅक्सीवाले आले. आपलं काय होणार, हे प्रत्येकाला ऐकायचं होतं. खुर्च्या भरल्या, भिंती भरल्या, मुंगीला शिरायला जागा उरली नाही. बाहेर अजून तेवढेच थांबले होते, म्हणून साहेबांनी जाहीर केलं की सादरीकरण दोनदा होईल, पहिले लोक गेले की दुसरे आत येतील. थोरली स्टेजवर माइकपाशी उभी होती. पहिलं सादरीकरण संपलं. आतले उठले. बाहेरच्यांना वाटलं, झालं सुरू. ते आत निघाले.

तिने वरून बघितलं. पॅसेजच्या तोंडाशी डोकी एकमेकांना भिडली आणि थांबली. साहेब बाहेरच्यांना अडवायला म्हणून दाराकडे गेले आणि त्या डोक्यांत दिसेनासे झाले. अजून कोणी ओरडत नव्हतं. स्टेजजवळचे, गर्दीच्या शेपटाकडचे लोक तर गप्पा मारत दाराकडे सरकत होते. मग तिने ती लाट पाहिली. शेतातल्या उभ्या पिकावरून वारा जावा तशी सगळी गर्दी एकत्र डावीकडे झुकली आणि पुन्हा उजवीकडे. माणसं स्वतःच्या पायांनी हलत नव्हती.

तिला ती लाट ओळखू आली. तिने माइकचा दांडा धरला, बोलण्यासाठी नव्हे, पडू नये म्हणून. स्टेजच्या मागे एक छोटी खोली होती, तिला खिडकी होती. तिथून उडी मारून पळून जावं, एवढा एकच विचार तिच्या डोक्यात होता. ती एक पाऊल मागे सरलीही.

पॅसेजमधून एका बाईचा आवाज आला. किंकाळी नव्हती ती, श्वास न मिळणाऱ्या माणसाचा बारीक आवाज होता. थोरलीला तो आवाज पूर्वीपासून माहीत होता.

"थांबा," ती माइकमध्ये म्हणाली. आवाज इतका घोगरा निघाला की कोणी वळूनही बघितलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "सगळ्यांत मागे जे उभे आहेत, त्यांच्याशी मी बोलते आहे. दाराजवळच्यांशी नाही. पुढे माणसं चेंगरताहेत. तुम्हाला दिसत नाही, मला दिसतंय. मागे सरका. माझ्याकडे या."

मागची काही डोकी वळली.

"माझ्याकडे या," ती म्हणाली. "स्टेजवर चढा. खुर्च्या पाडा, मोडल्या तर मोडू द्या."

एक टॅक्सीवाला स्टेजवर चढला, त्याच्यामागे दोघं, मग पाचसात. मागे जरा सैल झालं. पण पॅसेज तसाच गच्च होता, कारण बाहेरून लोक येतच होते आणि त्यांना हा माइक ऐकू जात नव्हता. बाहेर जायला दुसरी वाट हवी होती.

"ते टेबल ओढा," तिने मॉडेलकडे बोट केलं. "त्याच्यामागे दार आहे."

मॉडेलशेजारी उभे असलेले दोन दुकानदार घुटमळले. एवढी सुंदर वस्तू, तिला हात कसा लावायचा?

"पाडा ते," थोरली म्हणाली.

त्यांनी टेबल ढकललं. हॉटेलचा मनोरा आधी कलंडला, मग काचेचं छप्पर फुटलं, आणि इवली झाडं लोकांच्या पायांखाली गेली. दाराची कडी गंजलेली होती. एकाने खांदा दिला, दुसऱ्याने लाथ घातली, आणि अंगणातला उजेड आत आला. "तुमच्यातले दोघं बाहेरून पुढच्या दाराकडे पळा," ती त्यांना म्हणाली, "आणि आत येणाऱ्यांना अडवा." लोक अंगणात उतरू लागले. बऱ्याच वेळाने, निदान तिला तरी बराच वेळ वाटला, पॅसेजमधली गच्च गाठ सुटली.

कोणी दगावलं नाही. शिवणकामाचं दुकान चालवणारी एक म्हातारी बेशुद्ध पडली होती, ती अंगणात शुद्धीवर आली. एकाचा हात मोडला. साहेबांना स्ट्रेचरवरून नेलं. त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या. सगळे गेल्यावर थोरली स्टेजच्या कडेला बसली आणि तिला उलटी झाली.

दुसऱ्या दिवशी ती हॉस्पिटलात गेली. साहेबांचा चेहरा एका रात्रीत उतरला होता. बोलताना त्यांना दुखत होतं, म्हणून ते थोडं थोडं बोलले.

"मी ओरडत होतो. शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल. छातीतून आवाजच निघेना." ते थांबले. "आग नव्हती, काही नव्हतं."

"नव्हतं," ती म्हणाली. मग खुर्ची पुढे ओढून तिने त्यांना मावशीबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांत घराबाहेर पहिल्यांदाच. शेवटी साहेब म्हणाले, "हॉटेलवाल्यांशी तूच बोल. मला उठता येत नाही." ते तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू म्हणाले.

ती बैठक काही सोपी गेली नाही. हॉटेलचा अधिकारी शांतपणे म्हणाला की वाचनालयातली गर्दी ही व्यवस्थापनाची चूक होती, आराखड्याशी तिचा काय संबंध? टेबलाखाली थोरलीचे हात कापत होते. ते तसेच कापू देऊन ती बोलत राहिली. दार, पॅसेज, वळणं, सगळं पुन्हा पुन्हा. जिना नसेल तर या नकाशावर आमच्या ऑफिसची सही होणार नाही, असंही ती म्हणाली, आणि हे म्हणायचा अधिकार आपल्याला आहे की नाही, हे तिला स्वतःलाच माहीत नव्हतं. अधिकारी उठून गेला. पुढचे कित्येक दिवस फोन वाजला की ती हातातलं काम थांबवायची. काम दुसरीकडे जाणार अशी कुजबुज ऑफिसात झाली, काही सहकारी तिच्याशी तुटक वागू लागले. मग एका दुपारी निरोप आला. लॉबी लहान होईल, जिना राहील. त्या अधिकाऱ्याने मात्र तिच्याकडे पुन्हा कधी मान वर करून बघितलं नाही.

इमारत उभी राहायला काही वर्षं गेली. उद्घाटनाचं आमंत्रण आलं, पण ती आत गेली नाही. "एवढं सगळं केलंस आणि आत जाणार नाहीस?" धाकटी म्हणाली. "नाही जमायचं," ती म्हणाली, आणि धाकटीने आग्रह धरला नाही. दोघी पश्चिमेच्या चौकात एका बाकावर बसल्या. वर सभा संपली, दारं उघडली आणि लोक जिन्याने उतरू लागले. थोरलीने धाकटीचा हात पकडला, बोटं दुखावीत इतका घट्ट. लोक बोलत उतरत होते, मोबाइलमध्ये बघत उतरत होते, एक माणूस मधल्याच पायरीवर थांबून बुटाची नाडी बांधत होता आणि बाकीचे त्याच्या दोन्ही बाजूंनी जात होते. जिन्याकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. शेवटचा माणूस खाली येईपर्यंत तिने हात सोडला नाही.