इस्त्रीच्या टेबलावर मावणारा मिक्सर

मिक्सर घ्यायचं ठरलंय, असं टाचणी जिन्यात बोलून गेली तेव्हा शेजारणीने साहजिकच विचारलं, "किती भांड्यांचा?"

"सहा तरी हवेतच," टाचणी म्हणाली आणि घाईघाईने खाली उतरली. दोन माणसांच्या घरात सहा भांडी कशाला, या विचाराने शेजारणीला पुढचे दोन दिवस चैन पडलं नाही.

हा मिक्सर गाण्यांचा. चार-पाच यंत्रांचे आवाज एकत्र घ्यायचे, कोणाला किती पुढे येऊ द्यायचं ते ठरवायचं आणि सगळं मिळून स्पीकरकडे नाहीतर रेकॉर्डिंगकडे पाठवायचं, एवढंच त्याचं काम. घरातल्या थोरल्या सुनेचंही काम एवढंच असतं, आणि ते किती सोपं असतं ते सगळे जाणून आहेत.

टाचणीचा धंदा कपडे दुरुस्तीचा. लांब पँटी आखूड कर, घट्ट कमरा सैल कर, कोटाची चेन बदल. वय अठ्ठावन्न. दिवसभर ओठांत टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून सगळा रस्ता तिला टाचणी म्हणायचा आणि आता नवराही तेच म्हणायचा. तोंडात टाचण्या असल्या की बोलता येत नाही. तेव्हा ती गिऱ्हाइकाशी भुवयांनी, नाकाने आणि गालांनी बोलायची. अजून आखूड हवं का, पोट आत घेऊ नका, सरळ उभे राहा, हे सगळं ती तोंडातून शब्द न काढता ऐकवायची, आणि माणसं निमूट ऐकायची.

चार वर्षांपूर्वी एका जॅकेटची चेन बसवताना त्याच्या खिशातून हाताएवढं यंत्र निघालं. सहज बटण दाबलं तर ढुम-टिक, ढुम-टिक सुरू झालं. तीस वर्षं शिलाई मशीन चालवलेल्या पायाने आपोआप ताल धरला आणि बाई त्या दिवशी जी नादाला लागली ती लागलीच. जॅकेट गेलं, पण आठवड्याभरात तिने स्वतःचं तसलंच यंत्र आणलं. मग एक छोटा सिंथ, म्हणजे पेटीसारख्या पट्ट्यांचं विजेचं वाद्य, मग दुसरा, मग आवाज घुमवणारी एकोची डबी, मग माइक. हे सगळं ती मांडायची इस्त्रीच्या टेबलावर. ते घडी होतं, त्याची उंची हवी तशी करता येते आणि घरात दुसरं टेबल होतंच कुठे! रेकॉर्डिंगही त्याच खोलीत. स्टुडिओवाले भिंतींना स्पंज लावतात, ते काम इथे लोकांचे हिवाळी कोट फुकटात करायचे.

आणि टेबलाच्या उजव्या अंगाला उभे असायचे लिफ्टवाले, म्हणजे तिचे यजमान. पस्तीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केलेले. दाराला कान लावून सहाव्या मजल्यावरचं कोणतं चाक कुरकुरतंय ते सांगायचे, अशी त्यांची ख्याती. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि मिक्सर त्यांच्या ताब्यात गेला. ती वाजवायची, ते आवाज लावायचे. कोणी तिच्या गाण्याचं कौतुक केलं की तिचं उत्तर ठरलेलं असायचं: "बोटं माझी, कान यांचा."

म्हणूनच तर रविवारच्या कार्यक्रमाला ती हो म्हणाली होती. सायकल दुरुस्तीवाल्यांच्या शेडमध्ये, संध्याकाळी पाच वाजता, साठ खुर्च्यांसमोर. आजवर तिचं वाजवणं कोटांखेरीज कोणी समोर बसून ऐकलं नव्हतं. नुसत्या कल्पनेने तिच्या टाचण्या भलतीकडे टोचल्या जायच्या. पण बाजूला हे असणार आहेत, म्हणजे आवाज बिघडणार नाही, एवढ्या एका भरवशावर तिने तोंड उघडून होकार दिला होता.

जुना मिक्सर उसना आणलेला, चार भोकांचा. त्यात एकोला स्वतंत्र वाट नव्हती. गळ्याच्या आवाजाला एको द्यावा तर तो ढुम-टिकच्या ढोलावरही पडायचा आणि सगळ्याचा चिखल व्हायचा. घरात चाललं असतं. साठ खुर्च्यांना तो चिखल कसा ऐकवणार?

तर बुधवारी दोघं वाद्यांच्या दुकानात गेली. टाचणीच्या गळ्यात नेहमीची मोजपट्टी होतीच.

"काकू, किती चॅनेलचा बघू?" दुकानदाराने विचारलं. हा चाळिशीचा, शांत माणूस. लोकांना यंत्रं वाजवू देऊन स्वतः खुशाल चहा पीत बसणारा.

"सहा. प्रत्येकाला एकोचं वेगळं बटण. प्रत्येकाचा जाड आवाज आणि बारीक आवाज वेगळा कमी-जास्त करता आला पाहिजे. आणि बाहेर जायच्या दोन वाटा, एक स्पीकरला, एक घरच्या रेकॉर्डिंगला." टाचणीने एका दमात सांगितलं. "आणि पस्तीस सेंटिमीटरच्या वर रुंदी नको. इस्त्रीच्या टेबलाचं निमुळतं टोक आहे, तिकडे जड काही ठेवलं की सगळा संसार पालथा होतो."

दुकानदाराला इस्त्रीचं टेबल ऐकून आश्चर्य वाटलं असावं, पण त्याने ते चहाबरोबर गिळलं.

पहिला मिक्सर लांबलचक पट्ट्यांचा. देखणा. टाचणीने मोजपट्टी लावली आणि मान हलवली. तो पाहुण्यासारखा आला आणि गेला. उरले दोन. एक राखाडी, लोखंडी, भारदस्त, बघताक्षणी विश्वास बसावा असा. दुसरा काळा, प्लॅस्टिकच्या बटणांचा, दिसायला अगदीच केविलवाणा, बटणं इतकी दाटीवाटीने की दोन बोटांत तिसरं शिरू नये.

"रंगरूप नका बघू," लिफ्टवाले म्हणाले. या वाक्याची ते सकाळपासून वाट बघत होते. "परीक्षा एकच. काहीही जोडायचं नाही, सगळी बटणं वर करायची आणि हेडफोन लावायचा. चांगला मिक्सर असेल तर आत काही म्हणजे काही ऐकू येता कामा नये."

"बरोबर आहे काका," दुकानदार म्हणाला. "जाणकार आहात."

काका फुलले. नेमका तेव्हाच टाचणीचा फोन वाजला. एका गिऱ्हाइकाला लग्नाच्या कोटाची चिंता लागली होती. ती दाराशी जाऊन, पाठमोरी उभी राहून त्याची समजूत काढत राहिली. परत आली तेव्हा लिफ्टवाल्यांनी दोन्ही ऐकून निकाल लावला होता.

"हा राखाडी. डोळे झाकून घे. स्वच्छ आहे एकदम. काळ्यात आणि याच्यात फरक म्हणशील तर काही नाही, पण हा लोखंडी आहे. आयुष्यभर टिकेल."

दुकानदार किमतीची चिठ्ठी वाचत होता. स्वतःच लिहिलेली चिठ्ठी इतकं मन लावून कोणी वाचत नाही. टाचणीने हेडफोन कानाला लावला.

आत धो धो नळ सोडल्यासारखा आवाज होता. थोडाथोडका नाही, या फसफशीत तिचा बारीक सूर सापडलाही नसता. तिची डावी भुवई वर गेली.

"पण तसं बघितलं तर," लिफ्टवाले लगेच म्हणाले, "जरा आवाज आहेच म्हणा याच्यात. नको हा."

टाचणीने हेडफोन काढून काळ्या मिक्सरला लावला, सगळी बटणं वर केली. आत रिकाम्या खोलीसारखी शांतता होती. एक क्षण ती तशीच उभी राहिली आणि मग मुद्दाम, लिंबू चावल्यासारखं तोंड वाकडं केलं.

"छे, छे!" लिफ्टवाले म्हणाले. "हा तर त्याहून वाईट. मी मघाशी बोललो नाही इतकंच."

दुकानदाराने चहाचा कप खाली ठेवला.

"हा काळाच द्या," टाचणी म्हणाली. "खोक्यात घालून."

बसथांब्याच्या बाकावर दोघं बसली. खोकं तिच्या मांडीवर. तिने समोर बघतच विचारलं, "केव्हापासून ऐकू येत नाही तुम्हाला?"

"येतं की. आत्ता आलंच ना?"

"अहो."

लिफ्टवाल्यांनी सुस्कारा सोडला. "बारीक आवाज गेलेत. जाड येतात. मोटर येते, ढोल येतो, तू ओरडतेस ते येतं. किटलीची शिट्टी नाही येत. निवृत्त झालो तेव्हापासूनच."

"म्हणजे दोन वर्षं! आणि माझी गाणी? मी वाजवत होते आणि तुम्ही बटणं फिरवत होता, ती कशाच्या जोरावर?"

"तुझ्या तोंडाच्या."

"काय?"

"आवाज टोचला की तुझी डावी भुवई वर जाते. कमी पडला की ओठ दुमडतेस. जाड आवाज फार झाला की नाक फुगतं. आणि बरोबर जमलं की तू काहीच करत नाहीस. तू काहीच करेनाशी होईपर्यंत मी बटण फिरवतो. बस्स."

टाचणीच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षं ती या माणसाच्या कानाचे गोडवे गात होती, गावभर सांगत फिरत होती, आणि हा तिच्या थोबाडाकडे बघून दिवस काढत होता! रागाखाली भीती होती आणि तीच जास्त मोठी होती. चार दिवसांवर कार्यक्रम आला होता आणि ज्या कानाच्या भरवशावर उडी मारली तो कान नव्हताच.

"सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बसा तिकडे खुर्चीत." लिफ्टवाले आपल्या बुटांकडे बघत होते. "मग मी दिवसभर काय केलं असतं त्या खुर्चीत?"

ती खरंच तसं म्हणाली असती. बस आली.

गुरुवारी तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं. काळा मिक्सर टेबलावर चपखल बसला होता. तिने एकेक यंत्र जोडलं, फक्त माइकलाच एको दिला, ढोल मागे घेतला, एक बटण जरासं फिरवलं, परत जरासं. अर्ध्या तासात आवाज जसा हवा तसा लागला. अगदी नेहमीसारखा. ती कोटांच्या गर्दीत स्टुलावर मटकन बसली. कान तिचाच होता, सुरुवातीपासून. आता आनंद मानावा तर दोन वर्षं दुसऱ्याला श्रेय दिल्याचा संताप यायचा, आणि संतापावं तर ज्याच्यावर संतापायचं तो बाहेर बसून गपचूप कांदे चिरत होता.

पण वाजवायला लागली तेव्हा खरी पंचाईत कळली. दोन हात दोन सिंथवर, आणि गाण्याच्या मधोमध ढोल पुढे आणायचा कोणी? तिने कोपर वापरून पाहिलं. हनुवटी वापरून पाहिली. शुक्रवारी दुपारी हनुवटीने माइकचं बटण फिरून असा काही किंकाळीसारखा आवाज निघाला की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. लिफ्टवाले मात्र दारापर्यंतसुद्धा आले नाहीत. तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ते लक्षात आलं तेव्हा तिचा राग गळाला.

तिने दार उघडलं. "अहो, इकडे या."

ते आले आणि सवयीने उजव्या अंगाला उभे राहिले.

"तिथे नाही. समोर." तिने मिक्सर उलटा फिरवून त्यांच्या बाजूला केला. "तोंडाकडे बघायचं तर उघड बघा. तिरक्या नजरेने चोरून बघता म्हणून कधीकधी ढोल उशिरा येतो, आत्ता कळलं मला. आणि कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय पुढच्या आठवड्याची. नाही म्हणायचं नाही."

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"म्हणणार होता. तोंडावर दिसतंय."

रविवारी पाच वाजता साठातल्या बावन्न खुर्च्या भरल्या होत्या. मधोमध इस्त्रीचं टेबल, त्याच्यामागे टाचणी, आणि टेबलाच्या अलीकडे, प्रेक्षकांकडे पाठ करून लिफ्टवाले. पुढच्या रांगेला त्यांच्या पाठीखेरीज फारसं काही दिसत नव्हतं. एकाने "काका, जरा बसून घ्या" असंही म्हटलं. काकांनी ऐकलं नाही. खरंच ऐकलं नाही की कसं, ते टाचणीलाही सांगता आलं नसतं.

पहिल्या गाण्यात ती खुर्च्याच मोजत राहिली. दुसऱ्यात ढोल बोचला आणि तिला कळायच्या आत कमी झाला. तिसऱ्यात तिने साठ खुर्च्यांचा विचार सोडून दिला. समोर एकच माणूस होता, आणि तो तिच्या कपाळावरची रेघन् रेघ वाचत होता. आपल्याकडे इतकं लक्ष देऊन दुसरं कोणी कधी बघितलं नाही, हे तिला त्या शेडमध्ये, वंगणाच्या वासात, वाजवता वाजवता कळलं, आणि तिला तो माणूस फार फार आवडला.

शेवटचं गाणं हळूहळू विरत जाणारं होतं. आधी ढोल थांबला. मग जाड सूर थांबला. उरला तो एकच बारीक, वरचा सूर आणि त्याचा एको. शेडमध्ये कोणी हलत नव्हतं. लिफ्टवाल्यांसाठी गाणं तिथेच संपलं होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या कानात आता काही नव्हतं. पण बोटं बटणावर होती आणि डोळे तिच्यावर, आणि ते त्यांना ऐकू न येणारा सूर केसाकेसाने खाली आणत होते, ती जशी श्वास सोडत होती तसे. सूर अर्धा झाला, पाव झाला, उरलासुरला एको पत्र्यापर्यंत जाऊन आला. तिने डोळे मिटले.

"संपलं का?" लिफ्टवाल्यांनी विचारलं. त्यांच्या मते हळू, पण सगळ्या शेडला ऐकू जाईल एवढ्याने.

"संपलं," ती म्हणाली, आणि मग टाळ्या झाल्या.