सव्वातीनचा ऑक्सिजन

मास्क लावून पंधरा मिनिटं ऑक्सिजन घेतला की दिनानाथ चोथ्यांची डोकेदुखी थांबायची आणि त्यांची पुढची खोली हातभर लांब व्हायची.

डोकेदुखी साधीसुधी नव्हती. सरकारी कचेरीत कुणी येत नाही इतक्या वेळेवर, रोज दुपारी सव्वातीनला, ती उजव्या डोळ्यामागे हजर व्हायची. डोळा गळायचा, नाक चोंदायचं, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं. डॉक्टरांनी ‘क्लस्टर हेडेक’ असं नाव सांगितलं, मिनिटाला बारा लिटर ऑक्सिजन लिहून दिला आणि टाकीजवळ काडी ओढू नका म्हणून बजावलं. खोलीच्या लांबीबद्दल ते काही बोलले नाहीत.

पहिल्या दिवशी चोथ्यांना बरंच वाटलं. बत्तीस वर्षं दोन खोल्यांत संसार केलेला माणूस, ऐसपैस जागा मिळाली तर कशाला कुरकुर करील? पण वाढलेल्या जागेत दुसऱ्या दिवशी शेजारचे माळवदे मोसंबी घेऊन येऊन बसले. गल्लीत ऑक्सिजनची टाकी शिरली म्हणजे माणूस दोन दिवसांचा सोबती, असंच तिथे सगळे समजत.

“फार त्रास होतोय का हो?” माळवद्यांनी टाकीकडे बघून विचारलं.

“अहो, नुसतं डोकं दुखतं,” चोथे मास्कमधून म्हणाले.

“शेवटी असंच म्हणतात,” माळवदे म्हणाले.

मग रोज टाकी, रोज नवी जागा आणि त्या जागेत मांडी घालून बसलेला नवा माणूस. पुढे पुढे खोलीचं हातभरावर भागेना. माणसांचं चोथ्यांना काही वाटत नव्हतं. पण स्वयंपाकघराचं दार खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला होतं आणि त्या दारात त्यांची बायको, शालन, उभी असायची. तिचा चहा आधी कोमट येऊ लागला, मग गार, मग साय धरलेला. विसाव्या दिवशी तिची हाकही ऐकू येईना. दुखणं परवडलं, पण हे माणूस हातचं जाता कामा नये, असं चोथ्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सव्वातीनला त्यांनी मास्क लावलाच नाही. दुखणं आलं आणि खोली आखडू लागली. चोथे येरझाऱ्या घालत होते, उशीत डोकं खुपसत होते, आणि पलीकडची भिंत जड कपाट ढकलावं तशी सरकत जवळ येत होती. जागाच उरली नाही तशी बसलेली माणसं एकेक करून उठली.

“जीव अडकलाय बिचाऱ्याचा,” निघताना माळवदे शालनला म्हणाले. “कशात अडकलाय, तेवढं विचारून घ्या, वहिनी.”

चार वाजेपर्यंत शालन हाताच्या अंतरावर आली. इतक्या दिवसांनी तिच्या कपाळावरचा घाम दिसला, पदराला लागलेला हिंगाचा वास आला. चोथ्यांचा जीव सुपाएवढा झाला. डोळा निखाऱ्यावर धरल्यासारखा जळत होता, तरी ते हसले.

“शालन, मला काही झालेलं नाही. बस इथं.”

“अहो, काय ही दशा करून घेतलीत!” ती रडायलाच लागली. “मला नाही बघवत.”

“मास्क नको. थोडा वेळ थांब, उतरतं ते आपोआप.”

“तुम्ही काही बोलू नका बघू.”

तिने टाकीची चावी फिरवली, बारावर नेली आणि दोन्ही हातांनी मास्क त्यांच्या तोंडावर दाबून धरला. ते हात सोडवायला चोथ्यांच्या अंगात जोर उरला नव्हता. हळूहळू डोळ्यामागचं दुखणं उतरू लागलं. इतकं बरं वाटलं, की त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

खोली लांबू लागली. शालन मागे गेली, दारापर्यंत गेली, दाराच्याही पलीकडे गेली. हात मात्र तिने काढले नाहीत. ते तसेच लांबत राहिले, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत आलेली माणसं वाकून त्यांच्याखालून आपापली जागा शोधू लागली.

“आता बरं वाटतंय ना?” फार लांबून कुणीतरी विचारलं.

चोथ्यांनी जोरजोरात नाही म्हणून मान हलवली. गालांवरची बोटं आणखी घट्ट झाली.