पाळण्याची गाठ

आमच्या घरची माणसं ऐकून घेण्यात कच्ची आणि छाती काढण्यात पक्की. त्यात आमचे मालक शेषराव पहिले.

हट्टा गावाजवळच्या आमच्या वस्तीत पावसाळ्याआधी घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, नवी माती चढवतात. दरवर्षी गावाबाहेरची भुसभुशीत पांढरी माती, चाळीस टोपल्या. त्र्याहत्तर साली त्या मातीचा खड्डा संपत आला होता, म्हणून शेषरावांनी नव्या विहिरीतून निघालेली ओली, चिकट माती आणली. टोपल्या मात्र मोजून चाळीसच.

वाहता वाहता माझी मान मोडून आली. "ही माती लई जड हाय," मी म्हटलं.

"टोपली तीच, गिनती तीच. मग जड काहून व्हईल?" म्हणत ते धुम्मस घेऊन माती चोपायला वर गेले.

घरात सासूबाई लक्ष्मीबाई लेकराला झोका देत होत्या. पाळणा मधल्या तुळईला टांगलेला. त्याचा तळ जमिनीला घासत होता. सकाळीच मी दोरी वर ओढून बांधली होती.

"तुझी गाठ बी तुझ्यावानीच ढिली," सासूबाई म्हणाल्या.

मी पुन्हा बांधली, चांगली चार बोटं वर.

पण डोक्यातून ती माती जाईना. अंगणात काठीच्या मधोमध दोरी बांधून तराजू केला, दोन्ही टोकांना टोपल्या. एकीत विहिरीची माती तीन मापटी, दुसरीत उरलीसुरली पांढरी, तीही तीन. काठी धाडकन कलली. पांढरीचं चौथं मापटं टाकलं, तरी तेच. पाचव्याला काठी सरळ झाली. तिनाला पाच! म्हणजे वर चाळीस नव्हे, साठाच्याही वर टोपल्यांचं ओझं होतं. त्यात चोपण्यासाठी घागरींनी ओतलेलं पाणी, आणि त्यावर धुम्मस आपटणारा माझा नवरा.

धावत आत गेले. पाळणा परत जमिनीला टेकला होता.

वरून धप्प, धप्प. दर ठोक्याला सासूबाईंच्या केसांवर माती झरत होती.

"आत्याबाई, भायेर चला!" लेकरू उचललं, त्यांचा दंड धरला आणि दोघांना अंगणात आणलं. मग वर पाहून ओरडले, "अवो, धुम्मस ठेवा! उभं राहू नका, पालथे पडा, भिंतीकडं सरका!"

"अगं, टोपल्या बराबर..."

"तुमच्या पाया पडते, सरका!"

माझ्या आवाजाला ते कधी भ्याले नव्हते, त्या दिवशी भ्याले. सरपटत निघाले. हात भिंतीला लागला आणि तुळई कडाडून मोडली, माळवद खाली आलं.

धुरळा बसला तेव्हा शेषराव भिंतीवर बसलेले दिसले, डोक्यापासून पायापर्यंत मातीचे. लेकरू मजेत माझ्या पदराशी खेळत होतं.

संध्याकाळी त्यांनी ढिगाऱ्यातून पाळण्याची दोरी उपसून काढली आणि माझ्या हातात दिली. माझी गाठ तसूभरही सरकली नव्हती; खाली वाकत होती ती तुळई.