खेळती

सुईच्या मागच्या टोकाला परकराची नाडी बांधलेली होती. बारीक, पोकळ, चेंडूत हवा भरायच्या पंपाची सुई... कालपासून संघप्रियाने तिच्यासाठी सगळं घर पालथं घातलं होतं, आणि ती निघाली आईच्या हातात, नेफ्यातून सरपटत पुढे जाताना. विचारलं असतं तर आई म्हणाली असती, लई गुणाची हाय, टोचत न्हाय. खरंच आहे. चेंडू कोपऱ्यात ज्वारीच्या पोत्यामागे पिचकून पडला होता, आणि सुईने आपलं दुसरं काम शोधलं होतं, कुठलाही तमाशा न करता. सुईला जमतं ते मला का जमू नये — म्हणजे सकाळी संघाच्या प्रशिक्षक मंजुषा मॅडम फोनवर हेच तर म्हणत होत्या, फक्त गोड शब्दांत.

"शिबिराला तू येतेच आहेस," मॅडम म्हणाल्या होत्या. "पण खेळाडू म्हणून की माझी सहायक म्हणून, ते तू ठरव. संध्याकाळपर्यंत सांग, जर्सी छापायला द्यायच्यात. तुझा नऊ नंबर करिश्मा मागतेय."

तू ठरव! बारा वर्षं खात्याच्या बास्केटबॉल संघातून खेळले, मला कधी बदलायचं, किती मिनिटं बसवायचं, हे कुणी एकदा तरी मला विचारून ठरवलं? आणि आता नेमकं हेच माझ्यावर सोपवलं. संताप येत होता, आणि तो नीट कुणावर काढावा हेही कळत नव्हतं. करिश्मावर काढावा तर ती एकोणीस वर्षांची, ताई-ताई करत मागे फिरणारी, आणि खोटं कशाला बोला, हात चांगला आहे तिचा. डॉक्टरांवर काढावा तर त्यांनी शस्त्रक्रियेनंतर गुडघा हलवून बघितला आणि म्हणाले, चालेल. चालेलच हो. मला पळायचंय...

तेराव्या वर्षी संघप्रिया जळकोटच्या शाळेत सगळ्यांत उंच होती, मास्तरांहूनही. आत्या म्हणायची, उंच वाढला एरंड. मग कुणीतरी उंची मोजणारे साहेब आले, क्रीडा वसतिगृहात घेऊन गेले, आणि एरंडाची एकदम किंमत वाढली. तेव्हापासून आई एकच उत्तर देत आली. लग्नात, बारशात, तुळजापूरच्या गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलाही. पोरगी काय करते? "खेळती." काय खेळते ते आईला सांगता येत नसे, आणि कुणी फारसं विचारतही नसे. पण ती 'खेळती' म्हणताना आईची मान ज्या तऱ्हेने वर व्हायची...

"नंदे, हायस का घरात?"

वरच्या आळीच्या कमलबाई आत आल्या. हातात नारळ, पिशवीत हळदकुंकू. आईकडे न बघता त्या सरळ संघप्रियासमोर आल्या आणि तिच्या पायांकडे वाकल्या. ती दचकून मागे सरकली, गुडघ्यात कळ गेली.

"आज्जी, हे काय करताय?"

"वाकू दे गं. तुझी आई किती साल झालं सांगती, पोरगी खेळती म्हणून. म्या आपली आज धाडस करून आले." कमलबाईंनी नारळ पुढे केला. "आमची शिवकन्या दोन साल झालं माहेराला आली न्हाय. कवा येईल, तेवढं सांग. तुझ्या अंगात कवा येतं? मंगळवारी का शुक्रवारी?"

संघप्रियाला क्षणभर अर्थच लागेना, मग लागला. खेळती म्हणजे देवी अंगात येऊन खेळती! इतकी वर्षं आईने मान वर करून सांगितलं आणि निम्म्या गावाने हे ऐकलं...

"मावशी, आमी बौद्ध," आई म्हणाली. "आमच्यात कुठलं आलं ते? बॉल खेळती ती, बॉल."

"मला नको सांगूस. तुझ्या आजेसासूच्या अंगात येतच हुतं की. म्या ल्हानपणी बघितलंय."

ते खरं होतं. पणजीने छप्पन साली दीक्षा घेतली आणि देवीची परडी, कवड्यांची माळ ओढ्यात सोडून आली, मागे वळून बघितलंसुद्धा नाही, असं घरात अभिमानाने सांगत. पण पणजीला सोडताना पुढे काहीतरी दिसत होतं. मला काय दिसतंय? कडेची खुर्ची, पाण्याच्या बाटल्या, आणि नऊ नंबर घालून पळणारी करिश्मा. आणि अंगात यायचं, आज्जी, यायचं मलाही! सामना हातातून जात असताना अचानक आवाज बंद व्हायचे, बास्केट परातीएवढं मोठं दिसायचं, हात आपला राहायचा नाही... दोन वर्षं झाली, आलेलं नाही. कवा येईल, तेवढं सांगा.

कमलबाई उठायचं नाव घेईनात. आईने सुई नेफ्यात पुढे ढकलली आणि म्हणाली, "मावशी, राग मानू नका. ती आता न्हाय खेळत. सोडलं तिनं."

"सोडलं? मंग राहिलं." कमलबाईंनी नारळ पिशवीत टाकला आणि गुडघ्यावर हात टेकत उठून गेल्या.

घरात काहीच बदललं नव्हतं. सकाळपासून जे वाक्य संघप्रियाला मॅडमना सांगता येत नव्हतं, ते आईने नाडी ओवता ओवता म्हणून टाकलं होतं.

"तुला कुणी सांगितलं, मी सोडलं म्हणून?"

"अगं, म्हातारीला वाटेला लावायला म्हटलं. अन् तसंबी..."   नाडीचं टोक बाहेर आलं होतं. आईने सुई सोडवून मुठीत धरली आणि आत जायला निघाली.

संघप्रिया दारात उभी होती. आई डावीकडून निघाली, ती डावीकडे सरकली. आई उजवीकडे, ती उजवीकडे. तिने ठरवलं नव्हतं. मैदानात समोरच्या खेळाडूला अडवताना वाकतात तसे गुडघे आपसूक वाकले होते, टाचा उचललेल्या, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, आणि नजर आईच्या कमरेवर. डोळे फसवतात, कंबर फसवत नाही, हे मॅडमनीच शिकवलेलं. डावा गुडघा आतून ठणकत होता. खाटेवरचा फोन वाजायला लागला, दोघींनीही तिकडे बघितलं नाही.

"वाट सोड गं," आई म्हणाली.

"न्हाय सोडत," ती म्हणाली, आणि आणखी थोडी खाली वाकली.