भरल्या सभेत न पडलेली ठिणगी

मित्रांनो, मी एक जुने विजेचे यंत्र आहे. काचेच्या दोन तबकड्या, त्यांवर कथलाच्या पातळ पट्ट्या, समोर पितळेचे दोन गोळे आणि लाकडी मुठीचा दांडा, एवढाच माझा संसार. दांडा फिरवला की तबकड्या एकमेकींच्या उलट फिरतात आणि गोळ्यांमध्ये निळी ठिणगी उडते. बुडापेश्तच्या एका कारागिराने मला घडवले आणि तिसा नदीकाठच्या आमच्या विद्यापीठात धाडले. तेव्हापासून पदार्थविज्ञानाच्या जुन्या वर्गात माझी चाकरी चालू आहे.

एतेल्काबाई शिकवायला आल्या आणि माझे भाग्य उजळले. त्यांचा तास रंगलेल्या कीर्तनासारखा असे. आधी शांत निरूपण, आणि श्रोते तल्लीन झाले की आख्यान लावावे तसा त्या माझा दांडा हाती घेत. ठिणगी कडाडली की मागच्या बाकांवर पेंगणारेही ताठ बसत. हे सारे आपल्यामुळेच, असे मला वाटू लागले. पुढे चकचकीत यंत्रे आली आणि मी कपाटावर धूळ खात बसलो. बाई मात्र अधूनमधून मला उतरवत, पुसत, फिरवत.

नोव्हेंबर हा आमच्याकडे विज्ञानाच्या उत्सवाचा महिना. भूगर्भवाले दगड मांडतात, वनस्पतीवाले वाळवलेली पाने, इतिहासवाले खापरांचे तुकडे. बाईंच्या निवृत्तीआधीचा तो शेवटचा उत्सव होता. विभागप्रमुख साबोल्च हा त्यांचाच विद्यार्थी. तो आदल्या दिवशी येऊन म्हणाला,

“बाई, आता ह्याला दारापाशी काचेच्या पेटीत ठेवू या. शोभून दिसेल.”

“तुझे केस ह्यानंच उभे केले होते, विसरलास?”

“आता उभे करायला केस कुठे उरलेत, बाई?”

“उद्या सगळ्यांसमोर फिरवते. ठिणगी पडली तर हा वर्गात राहील, पोरांच्या हाताखाली. नाही पडली तर तुझी पेटी.”

“कबूल.”

दुसऱ्या दिवशी नदीवरून धुके आले होते आणि बाहेर पाऊस भुरभुरत होता. तरी वर्गात मुंगीला शिरायला जागा नव्हती. ओले कोट, ओल्या टोप्या आणि माणसांची दाटी. बाईंचे निरूपण असे रंगले की खोकलासुद्धा ऐकू येईना. मग त्यांनी दांडा धरला.

मी फिरलो. काही झाले नाही. बाईंनी वेग वाढवला, त्यांच्या कपाळावर घाम आला. गोळे आपले मुके ते मुकेच.

“मावशी, आजोबांना चहा पाजा,” मागून कोणीतरी म्हणाले, आणि वर्ग हसला.

बाई मान खाली घालून म्हणाल्या, “माफ करा. माझंच काहीतरी चुकलं असेल.”

मित्रांनो, त्या शब्दांनी मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. दोष माझा, आणि तो त्यांनी आपल्या पदरात घेतला होता. जन्मभर ज्या हातांनी मला पुसले, त्यांना मी भर सभेत खाली पाहायला लावले. आणि मी मनात काय करत होतो? त्या हसणाऱ्या गर्दीला शिव्या घालत होतो.

तेवढ्यात हवामान विभागाचा झोंबोर तोंडातला पोगाचा, म्हणजे आमच्याकडचा छोटा खारा पाव, कसाबसा गिळत भिंतीवरच्या आर्द्रतामापकापाशी गेला.

“एतेल्काताई, यंत्र बिघडलेलं नाही. हवेत ओल किती आहे बघा. काचेवर दमटपणा बसलाय, वीज साठायच्या आधीच निसटतेय. आपले कोट आणि आपले श्वास, दुसरं काही नाही.”

मग पळापळ झाली. वनस्पती विभागाच्या पिरोश्काने पाने वाळवायचा गरम हवेचा पंखा आणला. रसायनवाल्यांनी ओल शोषणारे खडे बशीत भरून माझ्या पायांशी ठेवले. इतिहासवाल्यांनी खापरे पुसायच्या मऊ कुंच्याने माझ्या पट्ट्या झटकल्या. आणि लोक, तेच हसलेले लोक, ओले कोट काढून घेऊन वर्गाबाहेरच्या गार बोळात जाऊन उभे राहिले.

“साबोल्च, तूही बाहेर,” बाई म्हणाल्या. “तुझा श्वास काही कोरडा नाही.”

दार उघडे होते. चहावाल्या टोमण्याचा धनी सर्वांत पुढे होता. बाईंनी दांडा धरला तसा त्याने श्वास रोखला. त्याचे पाहून शेजारणीने, मग साऱ्या बोळाने. साबोल्चचे गाल फुग्यासारखे झाले.

कट्ट. ठिणगी पडली. लहानशीच होती, पण निळी.

बोळाने एकदम श्वास सोडला आणि टाळ्या वाजल्या. साबोल्च डोळे पुसत म्हणाला, “पेटी आणलीच आहे, तर तिच्यात पोगाचा ठेवू.”

बाईंनी हसून माझ्यावरून फडके फिरवले. त्या फडक्याखाली मी किती ओशाळलो होतो, ते त्यांना कसे कळावे?

मित्रांनो, जुन्या वस्तूंना काचेमागे कोंडू नका. त्यांना हात लावा, फिरवा, आणि त्या अडल्या तर रागावण्याआधी हवा कशी आहे ते पाहा. मी अजून वर्गातच आहे. दर नोव्हेंबरात साबोल्च दारात उभा राहून स्वतः ओले कोट गोळा करतो, आणि माझी ठिणगी जोरात कडाडते. लोक वाहवा करतात. मी मात्र पितळेचे डोळे मिटून घेतो. ज्यांना मी मनात शिव्या घातल्या, त्यांनी माझ्यासाठी श्वास रोखून धरला होता.