फ्री कटिंग

शिंपीणबाईंच्या कापड बेतायच्या टेबलाची घडीची फळी बिजागरीच्या दोन पिनांवर उभी होती, आणि त्या पार झिजल्या होत्या. नवरा तीन आठवडे गॅरेजमधल्या लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, नव्या पिना काढत होता. एकही बिजागरीत शिरली नव्हती. ठरलं होतं ते स्पष्ट होतं. रविवारपर्यंत पिना बसल्या नाहीत, तर लेथ विकायचा आणि गॅरेज शिलाईला. रविवारी चार वाजता लेथचं गिऱ्हाईक येणार होतं.

शनिवारी सकाळी तिने अकरावी पिन चाचपली.

"अहो, ही पिन आहे की कानस?"

"लोखंडच हट्टी आहे."

तो खोटं बोलत नव्हता. शेजाऱ्याने काढून टाकलेल्या कुंपणाची सळई तो वापरत होता. कातताना तिचा किस सुतळीसारखा लांब सुटून लेथला गुंडाळायचा आणि पिनेवर ओरखडे पाडायचा.

"मग चांगलं आणा."

"दुकानदार विचारतो, कोणत्या जातीचं पाहिजे. मला सांगता येत नाही, मग लाज वाटते."

"मला नाही वाटत." तिने पिन आणि मूठभर किस पिशवीत टाकला.

लोखंडाच्या दुकानात सळयांच्या एका मांडणीवर पाटी होती: फ्री कटिंग.

"यातलं वीतभर द्या," ती म्हणाली. "आणि पाटीवर लिहिलंय तसं फुकट कापून द्या."

दुकानदाराने चष्मा काढला.

"ताई, फ्री म्हणजे फुकट नव्हे. हे कापायला मोकळं जातं. यात गंधक असतं, म्हणून किस बारीक तुटून पडतो."

तिने पिशवीतला सुतळीसारखा किस काउंटरवर ठेवला. "म्हणजे दोरे न सुटणारं कापड."

"अगदी तसंच. पण जोडाला वेल्डिंग करणार असाल तर नेऊ नका, तडा जाईल."

"वेल्डिंग नाही. भार फक्त टेबलाचा आणि माझ्या कोपरांचा."

"मग हेच न्या." त्याने सळई कापली आणि कापायचे पैसे धरले नाहीत. "पाटी मीच रंगवलीय. आता वाद कोण घालणार?"

रविवारी दोन वाजता लेथ सुरू झाला. या वेळी किस रव्यासारखा खाली पडत होता. नवरा नुसता हसत होता. पहिली पिन आरशासारखी निघाली आणि अंगठ्याच्या दाबाने बिजागरीत गेली.

"सरका," ती म्हणाली. "दुसरी मी काढते."

"अगं, हात थरथरला तर—"

"वीस वर्षं कात्री धरलीय. सरका."

चारला गिऱ्हाईक दारात आलं. नवरा हात पुसत गोंधळून तिच्याकडे बघू लागला. तिने मान वर केली नाही, चाक सावकाश फिरवत राहिली.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "लेथ रिकामा नाही."