तावोचं नाव पुसलेली भिंत

मी एक जुनी भिंत आहे, मित्रांनो. घराची नाही, कुंपणाचीही नाही. मी हँडबॉलची भिंत आहे. लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात, हमरस्त्याच्या पुलाला लागून एक बाग आहे, तिथे मी उभी आहे. उघड्या हाताने माझ्यावर चेंडू मारायचा आणि परत आला की पुन्हा मारायचा, एवढाच हा खेळ.

हल्ली माझी फार स्तुती होते. गेल्या हिवाळ्यात डॉक्टर एवारिस्तो किंतानार वारले, तेव्हा बागेत सभा झाली. त्यांनी ही घाणेरडी भिंत स्वच्छ केली आणि इथल्या मुलांना खेळाला लावलं, असं जो तो म्हणाला. ते खरंच आहे. पण ऐकताना मला लाज वाटत होती. माणसाला मान तरी खाली घालता येते, मला तीही सोय नाही. म्हणून त्या दिवशी सांगायची राहिलेली गोष्ट तुम्हाला सांगते.

पालिकेच्या माणसांनी लाकडी साच्यात काँक्रीट ओतून मला घडवलं. फळ्यांच्या रेघा अजून अंगावर आहेत. सुरुवातीला मेक्सिकोहून आलेले कामगार रविवारी चर्चमधून परस्पर इथे यायचे, कोट काढून ठेवायचे आणि खेळायचे. मग त्यांची मुलं आली. त्यांत एवारिस्तो आणि तावो ही जोडी. एवारिस्तोचं डोकं चालायचं, तावोचे हात.

"अरे एवा, पुस्तक वाचून चेंडू परत येत नाही!" तावो ओरडायचा.

"आणि चेंडू मारून गणित सुटत नाही, म्हशीच्या!"

तावोची आई बागेच्या दाराशी गाडीवर तमाले, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेले सारणाचे उंडे, विकायची. सगळी गल्ली तिला आदराने दोन्या कूका म्हणे. ती तिथूनच आवाज द्यायची, "दोघंही गाढवं आहात! आधी खाऊन घ्या."

पुढे टोळ्या आल्या. एक टोळी माझ्यावर आपलं नाव फवारायची, दुसरी येऊन त्यावर काट मारायची. खेळायला येणं कमी झालं. एवारिस्तोला शिष्यवृत्ती मिळाली आणि तो दूरच्या विद्यापीठात गेला. तावो कुठल्याच टोळीत नव्हता. एका संध्याकाळी बागेतून घरी जाताना त्याला गोळी लागली. ती दुसऱ्याच कोणासाठी होती.

त्याच्या मित्रांनी माझ्या डाव्या कोपऱ्यात, तो उभा राहायचा तिथे, निळ्या रंगाने त्याचं नाव लिहिलं. रोज सकाळी दोन्या कूका काचेच्या पेल्यातली मेणबत्ती तिथे लावायची. दोन बोटं नावाला टेकवायची, मग ओठांना. आमच्याकडे एक रीत आहे. वैर कितीही असो, मेलेल्याच्या नावावर कोणी रंग मारत नाही. माझ्या सगळ्या अंगावर कोणी ना कोणी लिहीत होतं, पण तो कोपरा टोळ्यांनीही सोडला होता.

एवारिस्तो अंत्यविधीला आला नाही. त्याची परीक्षा होती.

तो परतला तो डॉक्टर होऊनच. गरीब वस्तीतली मुलं आणि त्यांचे खेळ, हाच त्याचा अभ्यासाचा विषय. त्याने पालिकेकडून हँडबॉल स्पर्धेची परवानगी मिळवली आणि मुलांच्या हाती पांढरा रंग दिला. स्वतः पालिकेच्या साहेबाला मैदान दाखवत उभा राहिला. इतसेल नावाची मुलगी डाव्या कोपऱ्याशी थबकली.

"प्रोफेसर, हेसुद्धा?"

"सगळं," तो मागे न बघता म्हणाला. "एक नाव ठेवलं की दहा येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्या कूका मेणबत्ती घेऊन आली. एवारिस्तो आनंदाने धावत गेला.

"दोन्या कूका! ओळखलंत का मला?"

"न ओळखायला काय झालं? जाडा झालास." मग ती माझ्याकडे वळली. "तावो कुठाय?"

त्याला आधी कळलंच नाही. मग तो तिच्या नजरेमागून माझ्या कोपऱ्यापर्यंत आला आणि त्याचा चेहरा उतरला. मी दोघांच्या समोर पांढरीशुभ्र उभी होते.

"मी... बघितलंच नाही. आजच परत लिहून घेतो. चांगला चित्रकार आणतो."

"नको. तुझं सुंदर अक्षर नको मला. ज्यांनी लिहिलं ती पोरं रडत लिहीत होती." ती मेणबत्ती न लावताच गेली.

बातमी घरोघर पोचली. स्पर्धेच्या दिवशी एकाही आईने मूल पाठवलं नाही. एवारिस्तो मैदानात एकटाच बसून राहिला. मग उठून तमाल्यांच्या गाडीपाशी गेला.

"मी काय करू, सांगा."

"तेव्हा आला नाहीस," ती म्हणाली. "आता ये."

माणूस गेला की आमच्यात जमिनीवर चुन्याचा क्रूस काढून नऊ संध्याकाळी प्रार्थना करतात. शेवटच्या दिवशी त्या क्रूसाचा धर्मपिता, म्हणजे घरच्यांनी त्यासाठी निवडलेला जवळचा माणूस, तो चुना हातांनी गोळा करतो आणि कबरीपाशी नेतो. तावोच्या वेळी तो मान एवारिस्तोसाठी राखला होता. शेवटी मामाने उरकलं. आता दोन्या कूकाने माझ्या पायाशी नवा क्रूस काढला. पहिल्या संध्याकाळी ती दोघंच गुडघ्यांवर होती. मग शेजारणी आल्या, मग मुलं. रंगाचे डाग पडलेली चप्पल घालून इतसेलही आली.

शेवटच्या संध्याकाळी एवारिस्तोने सगळा चुना डब्यात भरला आणि उभा राहिला. सगळे वाट बघत होते. त्याचं पाऊल उचलेना.

"दोन्या," तो अगदी हळू म्हणाला, "कबर कुठे आहे?"

मागे एक मुलगा फिसकन हसला आणि त्याच्या आईने त्याला चापट मारली. एवारिस्तोचे कान लाल झाले होते. दोन्या कूकाने शाल घट्ट केली.

"चल, दाखवते. दोन बस बदलाव्या लागतात. डबा नीट धर, सांडशील."

पुढच्या रविवारी मैदान भरलं. नाव मात्र पुन्हा कोणी लिहिलं नाही. तिनेच लिहू दिलं नाही. ती जिवंत होती तोवर कोऱ्या कोपऱ्याशी मेणबत्ती लावत राहिली.

एवारिस्तोने नंतर शहरात पुष्कळ मैदानं उभी केली. रंगाचा डबा उघडण्याआधी तो आसपासच्या घरांची दारं वाजवायचा आणि विचारायचा, "इथे कोणी येऊन थांबतं का?" मित्रांनो, तुम्हीही भिंती जरूर स्वच्छ करा. पण आधी तेवढं विचारा. भिंतीच्या भरवशावर राहू नका. अंगावर रंग चढत असतो तेव्हा आम्हाला ओरडता येत नाही.